कागदावरचं काम

भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन म्हटलं की बोंगो बडवणारा, तिजोऱ्यांची कुलपं उघडणारा, गमतीगमतीत नोबेल खिशात घालणारा अवलिया डोळ्यांपुढे येतो. हे चित्र रंगवायला त्यांनी स्वतःच हातभार लावला. किस्से सांगायची त्यांना भारी हौस. त्या किश्श्यांत त्यांची मेहनत मात्र झाकली जाते.

सगळ्यात गाजलेला किस्सा प्लेटचा. अणुबॉम्बचं काम संपवून १९४५ साली ते कॉर्नेल विद्यापीठात शिकवायला आले. त्याच वर्षी जूनमध्ये पत्नी आर्लिन क्षयाने गेली होती; पुढच्या वर्षी वडीलही गेले. संशोधन काही केल्या सुचेना. शेवटी त्यांनी ठरवलं, महत्त्वाचं काही करायचा अट्टहास सोडायचा आणि पूर्वीसारखं नुसतं खेळायचं. अशात कॅफेटेरियात कुणीतरी एक प्लेट हवेत भिरकावली. प्लेट डुलत होती आणि तिच्यावरचं कॉर्नेलचं बोधचिन्ह गोल फिरत होतं, पण दोन्हींचा वेग सारखा नव्हता. फाइनमन गणित मांडायला बसले. डुलणं थोडंसंच असेल तर एकाचा वेग दुसऱ्याच्या दुप्पट निघतो. (आपल्या आठवणींच्या पुस्तकात त्यांनी फिरणं दुप्पट सांगितलंय, खरं तर डुलणं दुप्पट असतं. किस्सा रंगात आला की असं व्हायचंच!) कॉर्नेलमधलेच भौतिकशास्त्रज्ञ हान्स बेथे यांनी विचारलं, याचा उपयोग काय? काहीच नाही, मजा म्हणून केलं, हे उत्तर. पण प्लेटवरून गाडी इलेक्ट्रॉनच्या फिरण्याकडे वळली, तिथून अर्धवट राहिलेल्या क्वांटम इलेक्ट्रोडायनॅमिक्सकडे. त्याच विषयातल्या कामासाठी १९६५ साली श्विंगर आणि तोमोनागा यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं.

हा किस्सा सांगून ‘बघा, मजा करा, यश आपोआप येतं’ असं म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं. प्लेट उडताना त्या कॅफेटेरियात बाकीच्यांनीही पाहिली असणार. तिच्या प्रत्येक कणाच्या गतीची समीकरणं सोडवत बसणं हा ज्याला खेळ वाटतो, त्याने त्याआधी किती कागद काळे केले असतील?

त्या कागदांबद्दल ते भलतेच हळवे होते. चार्ल्स वाइनर हे विज्ञानाचे इतिहासकार त्यांची मुलाखत घेत होते. या टिपणांत तुमच्या रोजच्या कामाची नोंद सापडते, असं वाइनर सहज बोलून गेले. फाइनमन यांनी त्यांना तिथेच अडवलं. काम डोक्यात झालं आणि मग कागदावर उतरवलं, असा प्रकार नाही. काम कागदावरच झालं, हे त्यांनी ठासून सांगितलं. तरुणपणी, प्रिन्स्टनमधल्या तोंडी परीक्षेआधीही त्यांनी एक कोरी वही उघडली होती आणि तिला नाव दिलं होतं, मला माहीत नसलेल्या गोष्टींची वही. माहीत असलेल्या गोष्टींच्या वह्या आपण सगळेच भरतो.

नुसत्या पाठांतराचा त्यांना तिटकारा होता. ब्राझीलमध्ये शिकवताना त्यांना दिसलं की ध्रुवीकृत प्रकाशाची व्याख्या मुलं धडाधड म्हणतात, पण पोलरॉइडची पट्टी हातात असूनही खिडकीबाहेरच्या खाडीच्या पाण्यावरून येणारा प्रकाश तसाच असतो, हे कुणाला सुचत नाही. ‘गाइड’वर पोसलेल्या आपल्या पिढ्यांना हे वेगळं सांगायला नको.

म्हणून ते सरावाच्या विरोधात होते असं मात्र नाही. कॅलटेकमध्ये १९६१ ते १९६३ या काळात त्यांनी दिलेली व्याख्यानं जगभर गाजली. त्याच दरम्यान मागे पडणाऱ्या मुलांसाठी त्यांनी उजळणीचे काही तास घेतले. शाळेत पहिले येणारेच इथे जमलेत, तेव्हा निम्मे सरासरीच्या खाली जाणारच, अशी रोखठोक सुरुवात केली. मग सल्ला दिला तो अगदी जुन्या वळणाच्या मास्तरांसारखा: डेरिव्हेटिव्ह काढायचा इतका सराव करा की ते बेरीज-वजाबाकीसारखं हातात बसलं पाहिजे. सूत्रं सगळी पाठ होणार नाहीत. विसरलेलं सूत्र आठवणाऱ्या दोन-तीन गोष्टींवरून पुन्हा काढता आलं म्हणजे झालं.