काळोखात उंदीर टिपणारा कान

पडके वाडे, जुनी गोदामे व झाडांच्या ढोली यांत गव्हाणी घुबड वस्ती करते. ते अशुभ मानून पुष्कळ ठिकाणी त्यास हुसकावून लावतात, प्रसंगी मारतातही. वस्तुतः त्याचे मुख्य खाद्य उंदीर होय. आणि ते मिळविण्याची त्याची रीत शेतकऱ्याने जाणून घेण्याजोगी आहे.

अमेरिकन शास्त्रज्ञ रॉजर पेन यांनी पूर्ण अंधाऱ्या खोलीत पाला पसरून त्यावर उंदीर सोडले. काहीही दिसणे शक्य नसताना घुबडाने नुसत्या सळसळीवरून ते धरले. एक कान बुजविला असता मात्र नेम चुकला. हे प्रयोग १९७१ साली प्रसिद्ध झाले.

घुबडाचा बशीसारखा चेहरा आवाज गोळा करून कानांकडे वळवितो. दोन्ही कानांची छिद्रे एका पातळीत नसतात. डावे किंचित वर, तर उजवे खाली असते. आवाज एका कानाशी आधी व दुसऱ्याशी मागाहून पोहोचतो. हे अंतर सेकंदाच्या सहस्रांशाहूनही पुष्कळ लहान असते. तरी त्यावरून मेंदू उंदीर डावीकडे की उजवीकडे हे ठरवितो. वर की खाली हे दोन्ही कानांतील आवाजाच्या कमीअधिक जोरावरून कळते. एरिक नुडसेन व मासाकाझू कोनिशी यांनी १९७८ साली दाखवून दिले की, घुबडाच्या मध्यमेंदूत भोवतालच्या आवाजांचा जणू नकाशाच असतो. ठराविक दिशेच्या आवाजाला ठराविक पेशी जाग्या होतात. पिसांच्या मऊ कडांमुळे उडताना आवाज फारसा होत नाही. म्हणून उंदीर सावध होत नाही व घुबडाच्या ऐकण्यातही अडथळा येत नाही.

परंतु सळसळणाऱ्या उंदराने काय खाल्ले आहे, हे कानाला कळत नाही. ब्रोमाडिओलोनसारखे सावकाश परिणाम करणारे विष खाल्लेला उंदीर काही दिवस हिंडत राहतो व सहज सापडतो. त्याच्याबरोबर विष घुबडाच्या पोटात जाते आणि शेताचा राखणदारच दगावतो.

तेव्हा घुबडाची वस्ती असेल तेथे प्रथम सापळे वापरावेत व बिळे खणून बुजवावीत. विष वापरावेच लागल्यास मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरावेत. ढोली असलेली जुनी झाडे राखावीत. शेतात पक्षीथांबे उभारावेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये घुबडास मारणे हा गुन्हा आहे. कायदा नसता तरी धान्याच्या या रात्रपहारेकऱ्यास जपणे शेतकऱ्याच्याच हिताचे ठरले असते.