दोन सुया आणि एक पुस्तक

आनंद म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मोठ्या गोष्टी येतात. परीक्षेतले यश, नोकरी, लग्नकार्य, लांबचा प्रवास. या आनंदांची वाट पाहावी लागते आणि ते काही रोज येत नाहीत. मधले जे पुष्कळ साधे दिवस उरतात ते कशाच्या आधाराने काढायचे? ज्याला विणायला आणि वाचायला आवडते, त्याच्यापुरते या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक आहे. आपल्या महाविद्यालयात वाचणारे बरेच आहेत, विणणारे थोडे. म्हणून आधी विणकामाविषयी सांगते.

'विणणे' हे क्रियापद आपण मराठीत फार सढळ हाताने वापरतो. बाज विणतात, टोपली विणतात, येवल्याला पैठणी विणतात आणि स्वेटरही विणतात. पण मागावरचे विणणे वेगळे आणि सुयांवरचे वेगळे. मागावर उभे धागे ताणून लावलेले असतात आणि आडवा धागा त्यांच्यामधून खाली-वर जातो. सुयांवर ताणलेले असे काहीच नसते. एकच धागा, त्याचे फास, आणि प्रत्येक फासातून ओढून काढलेला पुढचा फास. या फासालाच टाका म्हणतात. साधे सुलट-उलट विणकाम अखंड एका धाग्याने चालते. म्हणूनच शेवटचा टाका बंद केला नाही तर सगळे काम टोक ओढून उसवता येते.

टाके मुळात दोनच, सुलट आणि उलट. खरे पाहता तो एकच टाका आहे. जो समोरून सुलट दिसतो तोच मागून उलट दिसतो. या दोघांच्या जुळणीतून जाळी, वेणी, चौकडी अशा कितीतरी नक्ष्या निघतात. एक सुलट, एक उलट अशी वीण घातली की सुलट टाके पुढे येतात, उलट टाके मागे जातात आणि कापड आखडून बसते. स्वेटरच्या गळ्याला, मनगटाला आणि कमरेला हीच पट्टी असते, ती याच कारणासाठी. फास ताणले जातात आणि सोडले की पुन्हा जागेवर येतात, म्हणून मोजा पायाला आणि कानटोपी डोक्याला घट्ट बसते.

सुयांना नंबर असतात आणि त्यांची चाल उलटी असते. आपल्याकडे दुकानात मिळणारी आठ नंबरची सुई ४ मिलिमीटर जाड, तर दहा नंबरची ३.२५ मिलिमीटर. नंबर वाढला की सुई बारीक. दुकानात 'लोकर' म्हणून जी मिळते ती पुष्कळदा मेंढीची नसून ॲक्रिलिकची असते. तुकडा पेटवून पाहिला तर कळते. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि तिची राख बोटाने चुरगळते. ॲक्रिलिक वितळते आणि त्याचा कडक मणी होतो. मेंढीच्या लोकरीचा तंतू नागमोडी असतो, त्यामुळे धाग्यात हवा अडकून राहते. ती हवा स्थिर असते, म्हणून अंगाची ऊब बाहेर जात नाही. आमच्या निफाड तालुक्यात थंडीच्या दिवसांत पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली उतरतो आणि द्राक्षांच्या बागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात. अशा पहाटे या अडकलेल्या हवेची किंमत कोणाला सांगावी लागत नाही.

आता पुस्तकाकडे वळते. विणता विणता वाचता येते का, असे मला नेहमी विचारतात. येते, पण दोन अटींवर. पहिली अट विणीची. सगळे टाके सुलट असतील तर डोळ्यांची गरज नसते, बोटे आपोआप टाका ओळखतात. अशा विणीबरोबर कादंबरी उत्तम. वेणीचा पीळ घालायचा असेल तर पुस्तक बाजूला ठेवावे. त्या वेळी आधी वाचलेली एखादी कविता मनात घोळवावी, ती जास्त समजते.

दुसरी अट पुस्तकाच्या बांधणीची. दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे पुस्तक आपले आपण उघडे राहिले पाहिजे. ज्या पुस्तकाचे फर्मे दोऱ्याने शिवलेले असतात ते पाटावर ठेवले की शांतपणे पडून राहते. नुसत्या डिंकाने चिकटवलेले पुस्तक मिटू पाहते, त्याला कपड्यांचे चिमटे लावावे लागतात. विणणाऱ्याला पुस्तकाच्या पाठीतला दोरा असा कामाला येतो. ग्रंथालयातली जुनी, पुन्हा बांधून घेतलेली पुस्तके या दृष्टीने मला नव्या पुस्तकांपेक्षा प्रिय आहेत. लोकरीचा उरलेला तुकडा पानात खूण म्हणून चालतो. आपल्या ग्रंथालयातल्या एखाद्या कादंबरीत कोणाला निळा धागा सापडला तर तो माझा समजावा.

या जोडकामाला स्वतःचे एक गणित आहे. आठ इंच रुंदीच्या साध्या मफलरला मी चाळीस टाके घालते. इंचाला सुमारे दहा ओळी बसतात. पाच फूट लांबीला सहाशे ओळी, म्हणजे एकूण २४,००० टाके. आकडा ऐकून छाती दडपते. पण एक पान वाचून होईतो माझ्या दोन ओळी होतात. म्हणजे तीनशे पानांची कादंबरी संपते तेव्हा मफलरही संपलेला असतो. विणकामातही ओळ आणि पुस्तकातही ओळ. दोन्हींकडे एका वेळी एकच ओळ पुरी करायची असते, हे कळले की मोठ्या कामाची भीती जाते. अभ्यासाची जाडजूड पुस्तकेसुद्धा मी याच हिशोबाने उघडते.

या जोडीचा आणखी एक फायदा आहे, तो आमच्यासारख्या घरांतल्या मुलींना लगेच समजेल. कष्टकरी घरात रिकामे हात बरे दिसत नाहीत, आणि पुस्तक धरलेले हात पुष्कळांच्या लेखी रिकामेच असतात. "नुसती बसलीयेस, तर जरा हे कर" असे हाक मारून सांगितले जाते. त्यात कोणाचा दुष्टपणा नसतो, काम खरोखरच पडलेले असते. पण तेच हात सुयांवर चालत असले की मांडीवरच्या पुस्तकाला कोणी हरकत घेत नाही. माझे निम्मे अवांतर वाचन असे स्वेटरांच्या आडोशाने झाले आहे.

पुस्तकांतही विणणाऱ्या बायका भेटतात आणि त्या भेटल्या की गावचे माणूस भेटल्यासारखे वाटते. डिकन्सच्या 'अ टेल ऑफ टू सिटीज' (१८५९) या कादंबरीतली मादाम दफार्ज सदा विणत बसलेली असते. क्रांतीत ज्यांचा सूड घ्यायचा त्यांची नावे ती सांकेतिक टाक्यांनी विणकामात नोंदवून ठेवते. ॲगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल ही लोकरीत गुंतलेली साधी म्हातारी समजून लोक तिच्यासमोर मोकळेपणी बोलतात आणि ती गुन्हा उकलते. टॉलस्टॉयच्या 'वॉर अँड पीस'च्या उपसंहारात तर एक वृद्ध दाई एकाच वेळी, एकाच सुयांवर दोन मोजे विणते. काम पुरे झाले की मुलांसमोर ती एका मोज्यातून दुसरा मोजा ओढून काढते. अवाढव्य युद्धाची हकीकत लिहिणाऱ्या लेखकाला ही घरगुती जादू टिपावीशी वाटली, याचा मला फार आनंद होतो. एक गोष्ट मात्र खरी. विणणारी बाई गप्प दिसली तरी ती पाहत असते आणि ऐकत असते, हे या तिन्ही लेखकांना ठाऊक होते.

वाचन आणि धागा यांचे नाते आपल्या भाषेतही आहे. 'ग्रंथ' हा शब्द ज्या संस्कृत धातूपासून आला त्याचा अर्थ बांधणे, गुंफणे असा आहे. 'ग्रंथी' म्हणजे गाठ, तीही त्याच घरातली. 'सूत्र' म्हणजे दोरा आणि 'सूत्र' म्हणजे थोडक्यात सांगितलेले शास्त्रवचनही. कथानकाची वीण सैल आहे, असे आपले प्राध्यापक वर्गात म्हणतात तेव्हा मला ते अगदी अक्षरशः समजते.

यावरून मनात बरेच दिवस असलेली गोष्ट सांगते. विणलेले कापड वाचता येते. सुलट टाका छोट्या बाणाच्या टोकासारखा दिसतो, उलट टाका आडव्या उंचवट्यासारखा. किती ओळी झाल्या, नक्षी कुठे फिरली, बाहीसाठी टाके कुठे वाढवले, हे सारे कापडावर उमटलेले असते. टाका निसटला तर खाली शिडी तयार होते आणि क्रोशाच्या सुईने पायरी पायरी चढवत तो पुन्हा वर आणता येतो. पण त्यासाठी आधी ती शिडी वाचावी लागते.

माझी आई हे वाचते. एस.टी.त पुढच्या बाकावर बसलेल्या बाईच्या पाठीकडे पाहून ती मला हळूच सांगते, "बारा टाक्यांची नक्षी हाय, दर आठव्या वळीला पीळ दिलाय." रात्री तिच्या सुयांवर त्या नक्षीचा नमुना तयार असतो. प्रवेशअर्जावर 'आईचे शिक्षण' या रकान्यात मी दरवर्षी 'निरक्षर' असे लिहिते. अक्षरांपुरते ते खरे आहे. पण बाराचा आठाशी मेळ घालून, न पाहिलेली मागची बाजू मनात उभी करून, एक अखंड मजकूर पाठ करणाऱ्या बाईला तो शब्द पुरा पडत नाही. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी इतरांनी उतरवून घेतली म्हणून १९५२ साली ती पुस्तकरूपाने आपल्यापर्यंत पोचली. आज आपण ती अभ्यासतो. घरोघरच्या बायकांच्या हातांतले असे ज्ञान मात्र उतरवून घ्यायला फारसे कोणी बसत नाही. आईच्या नक्ष्या मी एका वहीत लिहून ठेवायला लागले आहे. सुलट टाक्याला उभी रेघ, उलट टाक्याला आडवी. आतापर्यंत सतरा झाल्या आहेत. वही पाहून आई त्या रेघा बोटाने वाचते आणि कुठे माझी रेघ तिच्या विणीशी जुळली नाही तर लगेच सांगते. कागदावरची काहीतरी लिखावट आई वाचते आहे, हे पाहण्याचे सुख मी कोणत्या शब्दांत सांगू?

या छंदाला फार खर्च नाही. दोन सुया, लोकरीचा एक गुंडा आणि ग्रंथालयाचे कार्ड एवढे पुरते. ज्यांना शिकायचे असेल, मग त्या मुली असोत की मुले, त्यांनी मधल्या सुट्टीत ग्रंथालयाबाहेरच्या बाकावर यावे. पहिले चाळीस टाके मी घालून देईन. पुस्तक ज्याचे त्याने आणावे.