केळं गोड होतं तेव्हा

भुसावळ-रावेर पट्ट्यातून ट्रकमध्ये चढणारा केळीचा घड हिरवा, टणक असतो. त्यातलं एक केळं सोलून चाखा: पिठूळ, तुरट. गरात साधारण 20 टक्के स्टार्च असतो. पूर्ण पिकल्यावर तो 1-2 टक्क्यांवर येतो, बाकीच्याची बहुतेक साखर झालेली असते.

हे काम करणाऱ्या विकरांची जनुकं कच्च्या केळ्यातही असतात, पण बरीचशी निजलेली. इथिलीन वायूची चाहूल लागली की ती जागी होतात: जनुकाची आरएनए नक्कल निघते, तिच्यावरून विकर बनतं, विकर स्टार्च तोडतं. आणि इथिलीन तरी कुठून येतं? पेशीतूनच! ते स्वतःला घडवणारी जनुकंही चेतवतं. म्हणूनच एक पिकलेलं केळं अख्खी फणी पिकवतं.

पण नकला दुप्पट झाल्या म्हणजे साखरही दुप्पट, हे गणित चुकीचं आहे. विकराला वेळ लागतो, योग्य तापमान लागतं. खानदेशी उन्हाळ्यात, 24 अंशांच्या वर, ग्रँड नैन जातीच्या केळ्याचा गर पिकतो, साल मात्र हिरवटच राहते. तिथलं हरितद्रव्य नीट मोडतच नाही. म्हणून पिकवणीच्या खोलीत 16 ते 18 अंश सांभाळतात.