मंदीत खर्चाची कात्री कुठे चालते?

आज आपण मंदीबद्दल बोलू या. बातम्यांत हा शब्द आला, की वाटतं हे शेअर बाजाराचं, शहरातल्या कंपन्यांचं काहीतरी असेल. पण मंदीचा हिशेब शेवटी आपल्या चुलीपाशीच होतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. महागाई वेगळी आणि मंदी वेगळी. महागाईत वस्तूचा भाव वाढतो. मंदीत भाव कदाचित तोच राहतो, पण हातात येणारा पैसा कमी होतो. काम मिळत नाही, मालाला गिऱ्हाईक नसतं, पगार कापला जातो. देशाचं एकूण उत्पादन लागोपाठ दोन तिमाह्या, म्हणजे सहा महिने घटलं, की मंदी आली असं ढोबळ मानाने म्हणतात. आपण सगळ्यांनी पाहिलेली अशी मंदी २०२० सालची. त्या वर्षी एप्रिल ते जूनमध्ये देशाचं उत्पादन आदल्या वर्षीच्या त्याच तीन महिन्यांपेक्षा जवळजवळ पाव भागाने कमी झालं. पुढच्या तीन महिन्यांतही ते सुमारे सात टक्के कमीच होतं. आपल्याकडे त्याचा अर्थ काय झाला? मुंबई-पुण्याची माणसं गावी परतली, तिकडून येणारे पैसे थांबले आणि घरात खाणारी तोंडं वाढली.

मंदीत ज्याचं काम जातं तोच खर्च कमी करतो असं नाही. ज्याचं काम चालू असतं तोही घाबरून हात आखडता घेतो. आज पगार आला, पुढच्या महिन्यात येईल का? रिझर्व्ह बँकेच्या अंदाजानुसार २०२० च्या एप्रिल ते जूनमध्ये देशभरातल्या कुटुंबांची आर्थिक बचत देशाच्या उत्पन्नाच्या २१ टक्क्यांपर्यंत गेली. पुढच्या तिमाहीत ती १० टक्क्यांच्या आसपास आली. दुकानं बंद होती हे एक कारण, आणि मनातली भीती हे दुसरं. अर्थात हे सरासरीचे आकडे आहेत. हातावर पोट असणाऱ्या घरात त्याच दिवसांत बचत सोडा, किराणा दुकानाची उधारी वाढत होती.

आता खर्च कसा बदलतो ते पाहू. सगळे खर्च एकदम कमी होत नाहीत, त्याला एक क्रम असतो.

पहिल्यांदा आपण पुढे ढकलतो. घराचा रंग, नवी साडी, फ्रिज, मोटारसायकल. "दिवाळीला बघू" म्हणतो. दुसऱ्यांदा आपण उतरतो. नेहमीच्या चहापत्तीऐवजी सुटी पत्ती घेतो, साबण बदलतो. तिसऱ्यांदा मोजमाप कमी करतो. किलोभर तेल एकदम आणण्याऐवजी दहा-वीस रुपयांचं तेल रोज आणतो. इथे नीट लक्ष द्या. अशी थोडी थोडी सुटी खरेदी बऱ्याचदा महाग पडते, कारण तेलाचा किलोमागचा भाव जास्त लागतो. हातात रोकड नसल्याचा हा दंडच म्हणायचा.

एवढं करूनही भागलं नाही, की कात्री ताटापर्यंत येते. जर्मनीतल्या अर्न्स्ट एंजेल नावाच्या अभ्यासकाने १८५७ मध्ये एक नियम मांडला. घर जितकं गरीब, तितका त्याच्या शंभर रुपयांतला मोठा वाटा खाण्यावर जातो. सरकारच्या २०२२-२३ च्या पाहणीत आपल्या देशातल्या ग्रामीण घरात खर्चाच्या शंभर रुपयांतले सुमारे ४६ रुपये खाण्यावर जातात असं दिसलं. म्हणजे उत्पन्न घटलं, की आपल्याला खाण्याला हात लावावाच लागतो. मग भाकरी कमी होत नाही, भाकरीसोबतचं कमी होतं. २०२० मध्ये रेशनवर माणशी पाच किलो जादा धान्य फुकट मिळालं, जनधन खात्यात महिलांना तीन महिने पाचशे-पाचशे रुपये आले, त्याचा मोठा आधार झाला. पण डाळ पातळ झाली, अंडी आणि दूध कमी झालं, भाजी एक वेळेवर आली. पोट भरलं, पण अंगात ताकद यावी असं त्यात कमी होतं.

आता आमच्या मनातला खरा मुद्दा. घरात काटकसर कोणाच्या वाट्याला येते?

आमच्या गटात आम्ही एकदा बसून आठवलं, की २०२० मध्ये आपण काय काय बंद केलं होतं. कोणी म्हणाली, स्वतःचं दूध. कोणी म्हणाली, रक्तवाढीच्या गोळ्या संपल्या त्या परत आणल्याच नाहीत. एकीने कंबरदुखीचा दवाखाना सोडला होता. एकीच्या घरी मोबाईल एकच, म्हणून रिचार्ज मुलाच्या अभ्यासासाठी आणि मुलगी घरकामाला. घरातल्या पुरुषांची तंबाखू बंद झाली का, असं विचारलं तेव्हा सगळ्या एकमेकींकडे बघून हसल्या. नंतर कोणी बोलेना.

या कपाती घरात कोणी बसून ठरवल्या नव्हत्या. जी बोलत नाही तिच्या ताटातलं आपोआप कमी होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे मंदी गेल्यावरही हे खर्च परत सुरू होत नाहीत. मोटारसायकल घ्यायची राहिली, हे सगळ्यांच्या लक्षात असतं, म्हणून पैसा आला की ती येते. तुमचं दूध बंद झालंय हे कोणाला माहीतच नसेल, तर ते सुरू कोण करणार? आमच्यातल्या दोघींची ती गोळी पुढे कित्येक महिने बंदच होती.

खर्च कमी करूनही भागत नाही तेव्हा आपण कर्जाकडे वळतो. इथेही २०२० मधून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. त्या वर्षी मार्च ते ऑगस्ट कर्जाचे हप्ते पुढे ढकलायची सवलत मिळाली होती. अनेकींना वाटलं हप्ते माफ झाले. पण हप्ता थांबला तरी व्याज चालूच होतं. दुसरी गोष्ट सोन्याची. आधी शंभर रुपयांच्या सोन्यावर ७५ रुपयांपर्यंत कर्ज मिळायचं. ऑगस्ट २०२० पासून मार्च २०२१ अखेरपर्यंत बँकांना शेतीबाहेरच्या गरजांसाठी ते ९० रुपयांपर्यंत देता येऊ लागलं. तेव्हा सोनं तोळ्याला पंचावन्न हजारांच्या वर होतं. मार्च २०२१ मध्ये ते पंचेचाळीस हजारांच्या आसपास आलं. म्हणजे ज्यांनी पुरेपूर कर्ज उचललं, त्यांचं कर्ज सोन्याच्या किमतीहून जास्त झालं. दागिना गहाण टाकावा लागला, तर मिळतंय म्हणून सगळं उचलू नका, लागेल तेवढंच घ्या.

आणखी एक बाजू आहे. आपला खर्च म्हणजे दुसऱ्या कोणाची तरी कमाई असते. आपण ब्लाऊज शिवायला टाकला नाही, की गावातल्या शिलाईवालीचं काम गेलं. तिने पापड घेतले नाहीत, की आपल्या गटाचे पापड पडून राहिले. सगळ्यांनी एकदम मूठ आवळली, की सगळ्यांचंच उत्पन्न आटतं. इंग्लंडचे अर्थतज्ज्ञ केन्स यांनी १९३६ च्या आपल्या पुस्तकात हेच समजावलं होतं, आणि म्हणूनच अशा काळात सरकारने खर्च वाढवावा, असं ते सांगत. रोजगार हमीची कामं मंदीत महत्त्वाची ठरतात ती यासाठी. त्या मजुरीतून किराणा येतो, आणि गावातलं दुकान चालतं.

मग आपण काय करायचं? आम्ही आमच्या गटात जे सुरू केलं ते सांगतो. एका वहीत तीन रकाने आखायचे. पहिल्यात थांबू शकणारे खर्च, दुसऱ्यात कमी करता येणारे, आणि तिसऱ्यात ज्यांना हात लावायचाच नाही असे. तिसऱ्या रकान्यात घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहायचं आणि नावापुढे त्याच्या गरजेचा एक तरी खर्च. औषध, दूध, शाळा, काय असेल ते. आपलं स्वतःचं नाव लिहायला विसरायचं नाही. आमच्यातल्या निम्म्याजणी पहिल्या वेळी विसरल्याच होत्या.

ही वही घरात सगळ्यांसमोर वाचायची. सोबत जे खर्च बंद केले त्यांची तारीख टाकायची, म्हणजे हातात पैसा आला की काय परत सुरू करायचं ते सापडेल. गटाच्या मासिक बैठकीतही पाच मिनिटं यासाठी ठेवा. औषधापुरतं छोटं कर्ज गटातून मिळालं, तर सावकाराचं दार चढावं लागत नाही.

मंदी कधी येईल ते आपल्या हातात नाही. पण कात्री कुठे चालवायची हे घरात बोलून ठरवता येतं. या आठवड्यात एवढंच करा. आपण गुपचूप बंद केलेला एक खर्च आठवा, आणि पुढच्या बैठकीत तो मोठ्याने सांगा.