हानी किती आणि कशाची?

वीज आणि संगणक या दोन्ही क्षेत्रांत ‘हानी’ हा शब्द वारंवार येतो. शब्द एकच असला, तरी त्याचा अर्थ दोन्ही ठिकाणी वेगळा आहे. हा भेद ध्यानात घेतला नाही, तर काय टाळावे आणि काय पत्करावे याचा निर्णय चुकण्याचा संभव असतो.

तारांमधील हानी

विदर्भातील कोळशाच्या खाणींजवळ, चंद्रपूर येथे निर्माण होणारी वीज मुंबईच्या परिसरापर्यंत आणावयाची, तर सुमारे ७५० किलोमीटरचे अंतर पार करावे लागते. तारेतून विद्युतप्रवाह वाहू लागला की तारेच्या रोधामुळे उष्णता निर्माण होते व ती हवेत निघून जाते. ऊर्जा नष्ट होत नाही. ती केवळ उपयोगाबाहेर जाते. ही हानी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तेवढीच वीज दुप्पट दाबाने पाठविली, तर प्रवाह निम्मा होतो आणि हानी चौथ्या हिश्श्यावर येते. म्हणूनच चंद्रपूर ते ठाणे जिल्ह्यातील पडघे ही १९९९ साली कार्यान्वित झालेली १,५०० मेगावॉट क्षमतेची एकदिश वाहिनी ५०० किलोव्होल्ट दाबावर उभारण्यात आली. अशा उपायांनी हानी कमी होते. शून्यावर मात्र येत नाही.

चोरून वापरलेली किंवा सदोष मीटरमुळे नोंदीत न आलेली वीजही ‘हानी’ म्हणूनच हिशेबात दाखविली जाते. परंतु ती हवेत विरलेली नसते. कोणीतरी ती वापरलेली असते. पहिल्या हानीवरील उपाय अभियंत्याच्या हाती आहे, तर दुसरीवरील उपाय दक्ष व्यवस्थेच्या आणि नागरिकांच्या हाती.

माहितीमधील हानी

माहिती थोड्या जागेत साठविण्यासाठी संगणक तिचे संक्षेपण करतो. पानावरील कोऱ्या जागेचे हजार पांढरे ठिपके एकेक नोंदविण्याऐवजी ‘पांढरा, हजार वेळा’ एवढेच नोंदविले, तर जागा वाचते आणि मूळ पान जसेच्या तसे परत मिळते. हे हानिरहित संक्षेपण होय. या काटकसरीलाही मर्यादा आहे, हे अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली सिद्ध केले. त्यापलीकडे जागा वाचवावयाची, तर काही माहिती टाकूनच द्यावी लागते. छायाचित्रांसाठी १९९२ साली मान्य झालेली जेपेग पद्धत डोळ्यांना सहसा न जाणवणारे बारकावे वगळते. वगळलेले बारकावे पुन्हा मिळत नाहीत.

येथेच सावधगिरीची गरज आहे. काही स्कॅनर यंत्रे कागदपत्रांतील अंकच बदलत असल्याचे २०१३ साली जर्मनीत उघडकीस आले. जागा वाचविण्यासाठी एकसारख्या दिसणाऱ्या आकृती एकच मानल्या गेल्यामुळे इंग्रजी सहाच्या जागी आठ उमटत होता. प्रत स्वच्छ व सुवाच्य होती, परंतु चुकीची होती.

समारंभाच्या छायाचित्रातील पडद्याची एखादी छटा गेली, तर कोणाचे नुकसान होत नाही. फेरफार नोंदीतील गट क्रमांकाचा एक अंक बदलला, तर शेतकऱ्याच्या हक्काचाच प्रश्न उभा राहतो. विजेच्या बाबतीत हानी किती, हे विचारावे लागते. माहितीच्या बाबतीत ती कशाची, हे आधी विचारावे लागते. म्हणून अभिलेखांच्या संगणकीय प्रती हानिरहित पद्धतीने ठेवणे, त्या मुळाशी ताडून पाहणे आणि मूळ कागद जपणे अगत्याचे आहे.