मोटारीची उंची : अंगणात की दुकानात?

बडोद्याहून पावागडच्या दिशेने निघाले म्हणजे सुमारे ४० किलोमीटरांवर हालोल लागते. तेथील कारखान्यात जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने १९९६ पासून २०१७ पर्यंत मोटारी बांधल्या. त्यांपैकी ‘टवेरा’ ही गाडी २००४ साली बाजारात आली आणि पाहता पाहता मोठ्या कुटुंबांची, वऱ्हाडांची व भाड्याने प्रवासी नेणाऱ्यांची लाडकी होऊन बसली. आठ माणसांची गाडी घ्यावी आणि तीत बारा बसवावीत, वर टपावर सामान बांधावे, हा आपल्याकडील रिवाज. टवेराने तो मुकाट्याने सोसला. २०१७ च्या अखेरीस कंपनीने या देशातील विक्री बंद केली, हालोलचा कारखाना एमजी मोटरच्या हाती गेला. तथापि टवेरा अजून रस्त्यांवर आहेत. फक्त त्यांपैकी पुष्कळांचे नाक आता खाली गेले आहे. एक बाजू अंमळ अधिकच खाली, आणि प्रत्येक गतिरोधकावर पोटाला घासण्याचा आवाज!

अशा गाडीची उंची पुन्हा लावून घेण्यासाठी दुकानात पैसे मोजावेत, की रविवारच्या मिस्सानंतर अंगणात पान्हा घेऊन आपणच ते काम करावे? प्रश्न नुसता चार पैशांच्या बचतीचा असता तर आम्ही त्यास येथे जागा दिली नसती. गाडी सरळ धावेल की ओढ घेईल, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत आपला दिवा जाईल की नाही, आणि गाडीखाली शिरलेला घरचा माणूस सुखरूप बाहेर येईल की नाही, हे सारे या कामात गुंतलेले आहे.

प्रथम ही उंची कशावर उभी असते ते पाहू. टवेराच्या पुढच्या चाकांना वेटोळ्याची स्प्रिंग नाही. तिच्याऐवजी गाडीच्या पोटाखाली, लांबीच्या दिशेने, दोन्ही अंगांस एकेक पोलादी कांब असते. तिला टॉर्शन बार म्हणतात. नदीवर दोघीजणी ओले लुगडे पिळतात तेव्हा एकीने आपले टोक घट्ट धरलेले असते आणि दुसरी पीळ देते. तसेच येथे घडते. कांबीचे मागचे टोक सांगाड्यात घट्ट धरलेले. पुढचे टोक चाकाच्या दांड्याला जोडलेले. चाक खड्ड्यातून वर उसळले की कांबीला पीळ बसतो आणि पोलादाचा स्वभाव असा की तो पीळ उलगडू पाहतो. त्या उलगडू पाहण्यावरच गाडीचे नाक तोललेले असते. मागच्या टोकाशी एक आखूड दांडा व त्याला टेकलेला एक बोल्ट असतो. तो आवळला की पीळ वाढतो व नाक वर येते. सैल केला की खाली जाते.

ही युक्ती काही नवी नव्हे. जर्मनीतील जुनी फोक्सवॅगन, इंग्लंडातील मॉरिस मायनर आणि आपली अँबॅसडर, जी २०१४ पर्यंत कारखान्यातून निघत राहिली, या सर्वांच्या पुढच्या चाकांशी अशाच पीळ घेणाऱ्या कांबी होत्या. फ्रान्समधील सीट्रोएन कंपनीने तर १९५५ साली अशी गाडी काढली की चालकाने बसल्या जागी एक दांडी हलविताच तेलाच्या दाबाने सारी मोटार वर उचलली जाई. आपल्या टवेराला तेवढे ऐश्वर्य नाही. तिला पान्हाच लागतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. बोल्ट आवळल्याने कांब ताकदवान होत नाही. तिचा कणखरपणा तिच्या जाडीवर, लांबीवर व पोलादावर ठरतो, आणि तो जेवढा होता तेवढाच राहतो. आपण केवळ तिच्या पिळाचा आरंभ पुढे सरकवितो. म्हणून ‘जास्त माणसे बसवावयाची आहेत, चार फेरे आणखी आवळून टाक’ असे सांगणारा मालक स्वतःची फसवणूक करून घेतो. प्रमाणाबाहेर आवळलेल्या गाडीचे चाक खाली झुकण्यास जागा उरत नाही. लहानशा खड्ड्यातही ती टणकन आदळते आणि सांध्यांच्या गोळ्या लवकर झिजतात.

आता अंगणातील कामाविषयी. टवेरासारख्या गाडीत हे काम घरी होण्याजोगे आहे, असे आमचे मत आहे. मात्र घाई असलेल्याने त्याच्या वाटेस जाऊ नये. अर्धे काम मापाचे आहे. सपाट फरशीची जागा पाहावी, चारही टायरांत सांगितलेली हवा भरावी, गाडी रिकामी करावी. मग चाकाच्या मध्यबिंदूपासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही चाकांशी मोजून वहीत लिहावे. जमिनीपासून मोजल्यास टायरच्या झिजेचा घोळ मापात शिरतो. कंपनीच्या पुस्तकात उंची कोठून कोठे मोजावी हे दिलेले असते. ते पुस्तक मिळाले तर त्याचाच आधार घ्यावा.

मापे घेतल्यावर लगेच पुढच्या बोल्टाकडे धावू नये. आधी मागे वाकून पाहावे. टवेराच्या मागच्या बाजूस पाटे आहेत. मागचा डावा पाटा तुटला किंवा बसला असेल, तर त्याचा परिणाम पुढे उजवीकडेही दिसतो. चार पायांच्या खाटेचा एक पाय आखूड झाला की समोरचा कोपरा डुगडुगतो, तसेच हे. पुढच्या दांड्यांचे रबरी बुश सडले असतील तरीही गाडी खाली बसते. अशा वेळी बोल्ट आवळणे म्हणजे ताप पाहून तापमापक फोडण्यासारखे आहे. बसलेला पाटा मात्र घरी सुधारत नाही. हमरस्त्यांच्या कडेला कमान-पाट्याची दुकाने असतात. तेथे पाटे उतरवून पुन्हा बाक देतात, तुटलेला बदलतात. ती लोहाराची विद्या आहे व तिचे पैसे आनंदाने द्यावेत.

मागचे सर्व ठीक असेल तर जॅक लावावा. येथे आम्ही थोडे कठोर होऊन लिहितो. केवळ जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली जाऊ नये. विटांच्या रचीवर तर मुळीच नव्हे. वीट भार सोसता सोसता क्षणात भुगा होते. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावावेत, सांगाड्याखाली लोखंडी घोड्या ठेवाव्यात, गाडी हाताने हलवून पाहावी, आणि मगच शिरावे. घोड्या नसतील तर हे काम दुकानाचे आहे, यात दुमत नको. चाके लोंबकळती असली की कांबीवरील भार कमी होतो व बोल्ट हलका फिरतो. बोल्टाची आटी तारेच्या ब्रशाने साफ करून तेल सोडावे, आरंभीच्या जागी रंगाची खूण करावी आणि किती फेरे दिले ते मोजावे. गंजलेल्या बोल्टावर लांब नळी घालून बळ करू नये; तो तुटला तर पिळलेली कांब एका झटक्यात उलगडते.

एक-दोन फेरे देऊन गाडी खाली घ्यावी. लगेच मापू नये, कारण जमिनीला टेकताना टायर आडवे अडून बसतात व खोटी उंची दाखवितात. पाच-दहा फूट पुढे-मागे ढकलावी, नाक दोन-तीनदा दाबून सोडावे, मग टेप लावावा. पुन्हा जॅक, पुन्हा माप. डावी-उजवी बाजू समान होईपर्यंत असेच चालते. दुपार सहज जाते.

यानंतर दुकानात जावेच लागते, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. नाक वर-खाली झाले की चाकांचा कल बदलतो. तसेच गाडी चालविली तर टायर एका कडेने खाल्ले जातात, आणि टायरांच्या जोडीपुढे चाकांची जुळणी करून घेण्याचे काही शे रुपये काहीच नव्हेत. कित्येक जण आधी जुळणी करून घेतात व नंतर उंची लावतात. त्यांस जुळणीचे पैसे दुसऱ्यांदा द्यावे लागतात. आधी उंची, मग जुळणी, हाच क्रम होय. त्यासोबत दिव्यांची दिशाही तपासावी. नाक वर आले की दिव्याचा झोत वर जातो, आणि रात्री बडोदे-भरूच महामार्गावर समोरच्या ट्रकवाल्याचे डोळे दिपले तर त्याचे मोल पान्ह्याच्या बचतीत बसत नाही.

बडोद्याविषयी बोलत आहोत तर एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. याच शहरात सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढले; त्रिभुवनदास गज्जर त्याचे प्रमुख होते. यंत्रविद्या, रंगकाम इत्यादी हातांच्या विद्या देशी भाषेतून शिकविता येतात, असा त्या मंडळींचा आग्रह होता. पुढे चित्रपटाचे जनक म्हणून ख्याती पावलेले दादासाहेब फाळके तेथेच शिकले. १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ झाल्यावर कलाभवन त्याची तंत्रशाखा बनले. पान्हा धरणे हे हलके काम नव्हे, हा विचार त्या शहरास जुना आहे. आणि चांगल्या मिस्त्रीला त्याच्या विद्येचे दाम देताना घासाघीस करू नये, असे आम्हांस वाटते ते त्याच कारणाने.

वरील सर्व विवेचन पीळ घेणाऱ्या कांबीचे झाले. स्विफ्ट, वॅगनआर इत्यादी लहान मोटारींची गोष्ट निराळी आहे. त्यांच्या पुढच्या चाकांशी दाबून बसविलेली वेटोळ्याची स्प्रिंग असते आणि उंची बदलण्याचा बोल्टच नसतो. ती स्प्रिंग उतरविताना हातून सुटली तर गोळीसारखी उडते. हात किंवा जबडा मोडण्यास एक क्षण पुरे. हे काम योग्य अवजारे असलेल्या दुकानाचेच. वेटोळ्यांत खुपसावयाचे रबरी तुकडे बाजारात स्वस्तात मिळतात व घरी बसवितांही येतात, पण ते स्प्रिंगची काही वेटोळी जखडून टाकतात, उरलेल्यांवर भार वाढतो आणि गाडी ताठ होते. आम्ही ते घेऊ नयेत असेच सांगू.

कायदाही ध्यानात ठेवावा. झिजून बसलेली गाडी कंपनीने ठरविलेल्या उंचीवर परत आणणे ही दुरुस्ती होय. त्या उंचीपलीकडे चढविणे हा बदल ठरतो, आणि मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नमुन्याशी विसंगत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हेच उचलून धरले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार अशा प्रत्येक बदलाबद्दल मालकास ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकते. घरगुती गाडीस १५ वर्षे झाली की नोंदणी नवी करताना तपासणी होते. पहिल्या टवेरा ती मुदत केव्हाच ओलांडून गेल्या आहेत.

३१ जुलै २०१९ रोजी बडोद्यात एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस कोसळला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीने पुन्हा शहरात पाणी घातले. अशा पुरानंतर गाडी इंचभर चढवून घेण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे. कमरेइतक्या पाण्याला इंचाने काय होणार? पुराच्या दिवसांत गाडी उंच जागी नेऊन ठेवावी. बोल्टाला हात लावू नये.

ज्यांनी अंगणात काम केले असेल त्यांनी पंधरा दिवसांनी, थोडी धाव झाल्यावर, त्याच फरशीवर गाडी उभी करून त्याच वहीत चारही मापे पुन्हा घालावीत. एखादी बाजू तेवढ्या दिवसांत परत बसली असेल, तर कांब अथवा तिला धरणारा दांडाच थकला आहे असे समजावे. बदली कांब घेताना डावी व उजवी यांची खूण पाहून घ्यावी. त्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत.