बारा आण्यांचे पंच्याहत्तर

बोईसर आज कारखान्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. 1957 साली तेथे ना औद्योगिक वसाहत होती, ना शेजारी तारापूरचे अणुवीज केंद्र. ते 1969 मध्ये सुरू झाले. रेल्वे स्थानक, त्यालगतची दुकाने, गवताच्या वखारी आणि भाताची खाचरे, एवढाच पसारा. बाजारपेठेतील जैन कुटुंबांची मुले घरी मारवाडी अथवा गुजराती बोलत आणि जवळच्या मराठी प्राथमिक शाळेत जात.

अशाच एका किराणा व गवताच्या व्यापाऱ्याचे पुत्र आज पंचाहत्तरी ओलांडून गेले आहेत. शाळेची आठवण निघाली की ते प्रथम तिच्या सारवलेल्या जमिनीविषयी बोलतात. चार इयत्ता, एक गुरुजी, एक फळा. तरटावर त्यांच्या शेजारी वारली पाड्यावरचा एक मुलगा बसे. त्याच्या भाकरीबरोबरच्या सुक्या बोंबलाचा वास सदऱ्याला लागे, म्हणून आई यांना दारातच हातपाय धुवायला लावी. जागा मात्र दोघांनीही बदलली नाही.

गुरुजींचा सारा भर पाढ्यांवर होता. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी. व्यापाऱ्यांच्या मुलांना ही विद्या घरीच मिळे. तरीही वारली सोबती त्यांच्याआधी उत्तर देई.

1 एप्रिल 1957 रोजी सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. जून महिन्यात शाळा भरल्यावर गुरुजींनी तक्ता फळ्यावर लिहिला: एका आण्याचे 6 पैसे, दोनांचे 12, तिनांचे 19, चारांचे 25. तेव्हा त्या मुलाने उभे राहून विचारले की, आई रोज पळसाच्या पानांचा दोन आण्यांचा भारा शेटच्या दुकानी टाकते. सहा दिवसांचे बारा आणे, म्हणजे पाऊण रुपया, म्हणजे पंच्याहत्तर पैसे. मग घरी बहात्तरच कसे येतात?

शेटचा मुलगा शेजारीच बसला होता.

गुरुजींनी हिशेब मांडून दाखविला. दोन आण्यांचे खरे मोल साडेबारा पैसे. वरचा अर्धा पैसा नियमानेच सोडून द्यावयाचा. रोजचा तो अर्धा पैसा दुकानात राहत होता.

यात बेकायदेशीर काहीच नव्हते, आणि खरी अडचण तीच होती. सायंकाळी चौविहारापूर्वी जेवताना मुलाने ही गोष्ट सांगितली, तेव्हा वडील प्रथम चिडले. दोन आण्यांचे मीठ नेणाराही बाराच पैसे देतो, मग दुकानाचे नुकसान कोण भरून देणार? युक्तिवाद खोटा नव्हता. परंतु मीठ नेणारा महिन्यातून एकदा येई, पाने आणणारी रोज. अचौर्य व्रताच्या अतिचारांत हीनाधिक मानोन्मान, म्हणजे देण्याघेण्याच्या मापांत कमीजास्त करणे, सांगितले आहे. ते केवळ तराजू-मापट्यापुरते मानण्याची सोय पुष्कळांनी करून घेतलेली असते.

दुसऱ्या दिवशी सामायिक आटोपल्यावर वडिलांनी वही उघडली. मागील अकरा आठवड्यांचे तेहेतीस पैसे त्या बाईच्या नावे जमा धरले. पुढे रोज आणेच लिहावयाचे आणि आठवड्याच्या बेरजेचे एकदाच पैसे करावयाचे, असे ठरले. हे खाते त्यांनी मुलाकडे सोपविले. त्याच्या हातचे ते पहिले खाते.

दिवाळीनंतर गवतकापणी सुरू झाली आणि तरटावरची शेजारची जागा रिकामी राहू लागली. गुरुजी दोनदा पाड्यावर जाऊन आले. हजेरीपटावर नाव काही दिवस राहिले, मग तेही गेले. कापलेले गवत वखारीत येई, तेथून गासड्या बांधून आगगाडीने मुंबईकडे जाई.

त्या सालच्या दोन्ही वह्या या गृहस्थांनी जपून ठेवल्या आहेत. जुन्या वहीत पानांचा हिशेब आहे. वहीपूजनानंतर उघडलेल्या नव्या वहीत गवताच्या मजुरीखाली त्या वर्गमित्राचे नाव प्रथम येते. अक्षर यांचेच आहे.